चाळिसावा हिस्सा

जकातीच्या पैशांतून मशीद बांधता येत नाही. मशिदीचा गळका पत्रा बदलता येत नाही, कब्रस्तानाला भिंत घालता येत नाही, बेवारस मयतासाठी कफनही विकत घेता येत नाही. भारतातले बहुसंख्य मुसलमान हनफी मजहबाचे, म्हणजे धर्मशास्त्राच्या हनफी परंपरेचे आहेत आणि हनफी मुफ्तींचं या बाबतीतलं उत्तर ठाम असतं. जकात पोहोचली असं म्हणायचं तर ती कुणातरी जिवंत, गरजू माणसाच्या मालकीची झाली पाहिजे. मशीद म्हणजे माणूस नव्हे आणि मेलेला माणूस कशाचा मालक होऊ शकत नाही. फिक्ह म्हणजे इस्लामी धर्मशास्त्रात या अटीला ‘तमलीक’ म्हणतात. बाकीच्या सुन्नी मजहबांची कारणं थोडी वेगळी आहेत, पण मशिदीच्या बांधकामाला जकात लावू नये, यावर त्यांच्याही बहुसंख्य धर्मशास्त्र्यांचं एकमत आहे. इस्लामच्या पाच स्तंभांपैकी एक असलेली उपासना आणि तिचा पैसा अल्लाहच्या घरासाठीच चालत नाही, हे ऐकून बाहेरचा माणूस चक्रावतो. या एका नियमात इस्लामच्या शिकवणुकीचं एक मोठं सूत्र दडलेलं आहे. माझं म्हणणं असं की जकातीचं मर्म तिच्या रुक्ष हिशेबात आहे. उदारपणा हा गुण सगळ्याच समाजांनी वाखाणला आहे. जकातीने त्या गुणावर विसंबून राहणं नाकारलं आणि गरिबाचा वाटा तोळ्यामाशात मोजून दिला.

कलमा, नमाज, रोजा, हज हे चार स्तंभ शेजाऱ्यापाजाऱ्यांना दिसतात किंवा ऐकू तरी येतात. जकात दिसत नाही, म्हणून तिच्याबद्दल माहितीही कमी. कुराणात मात्र नमाज आणि जकात ही जोडी पुन्हा पुन्हा एकत्र येते. दुसऱ्या सूरेच्या 177व्या आयतीचा आशय असा की पूर्वेला किंवा पश्चिमेला तोंड करण्यात नेकी संपत नाही. त्यानंतर लगेच श्रद्धेच्या विषयांची नावं येतात, आणि त्यांच्याच ओळीत नातलग, अनाथ, वाटसरू आणि मागणारे यांना आपल्याला प्रिय असलेल्या धनातून देण्याचा उल्लेख येतो. ‘माऊन’ ही 107वी सूरा अवघ्या सात आयतींची आहे. तिच्यात अनाथाला ढकलून देणारा माणूस धर्म नाकारणारा ठरवला आहे, आणि नमाज पढूनही शेजाऱ्याला किरकोळ वस्तू न देणाऱ्यांवर कडक शब्द आहेत. 632 साली पैगंबरांचं निधन झाल्यावर काही अरब टोळ्यांनी नमाज चालू ठेवू पण जकात देणार नाही, अशी भूमिका घेतली. पहिले खलिफा अबू बक्र यांनी नमाज आणि जकात यांच्यात भेद करणाऱ्यांशी लढायचं ठरवलं. कलमा पढणाऱ्यांशी लढायचं कसं, असा प्रश्न पुढे दुसरे खलिफा झालेल्या उमर यांना सुरुवातीला पडला होता, पण पुढे त्यांनाही ते पटलं. नव्या राज्याची सत्ता टिकवण्याचा प्रश्न त्यात होताच आणि इतिहासकार तो दाखवून देतात. तरीही झगडा कोणत्या मुद्द्यावर पेटला, हे पाहण्यासारखं आहे. खासगी भक्ती कबूल आणि सामाजिक देणं नामंजूर, ही सोय पहिल्याच वर्षी बंद झाली.

आता प्रत्यक्ष हिशेब. भारतीय उपखंडातल्या रूढ मापाने साडेसात तोळे म्हणजे 87.48 ग्रॅम सोनं, किंवा साडेबावन्न तोळे म्हणजे 612.36 ग्रॅम चांदी, किंवा तेवढ्या किमतीची रोकड वा विक्रीचा माल ज्याच्याकडे आहे, त्याच्यावर जकात लागू होते. या किमान मर्यादेला ‘निसाब’ म्हणतात. राहतं घर, अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, वापरातली गाडी, कारागिराची हत्यारं मोजायची नाहीत. देणी वजा करायची. उरलेल्या मालमत्तेवर चांद्र वर्ष उलटलं की तिचा चाळिसावा हिस्सा, म्हणजे अडीच टक्के, गरिबाचा. चांद्र वर्ष सुमारे 354 दिवसांचं असतं. म्हणून मार्चअखेर खाती मिटवणाऱ्या व्यापाऱ्यासाठी हा दर सुमारे 2.577 टक्के धरला जातो, इतकी काटेकोर ही बाब आहे. शेतीचा हिशेब आणखी बोलका आहे. पावसावर आलेल्या पिकाचा दहावा हिस्सा द्यायचा, पण मोट किंवा पंप लावून ओलीत केलं असेल तर विसावा. जमिनीत पुरलेलं जुनं धन हाती लागलं तर पाचवा. घाम आणि खर्च जितका जास्त तितका दर खाली येतो, आणि आयतं मिळालेल्यावर तो सर्वांत चढा असतो. चाळीस शेळ्यामेंढ्यांमागे एक, तीस गायींमागे वर्षाचं एक वासरू असे दर ठरले, पण नांगराला जुंपलेला बैल बहुतेक धर्मशास्त्र्यांनी वगळला. आपले सहकारी मुआज बिन जबल यांना यमनला पाठवताना पैगंबरांनी दिलेल्या सूचना हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या संग्रहांत नोंदलेल्या आहेत. तिथल्या श्रीमंतांकडून घ्या आणि तिथल्याच गरिबांत वाटा, आणि वसुली करताना लोकांची सर्वांत चांगली जनावरं उचलू नका, असा त्यांचा मथितार्थ. वसुली करणाऱ्यांना असा दंडक आपल्याकडच्या किती राजवटींनी घालून दिला असेल, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

हे सारं मोजमाप कशासाठी? मनाला येईल तेवढं, मनाला येईल तेव्हा द्यावं, असं म्हटलं की देणारा मोठा होतो आणि घेणारा त्याच्या उपकाराखाली येतो. कुराणाने (70:24-25) श्रीमंताच्या धनात मागणाऱ्याचा आणि वंचिताचा ठरलेला हक्क असल्याचं सांगितलं आहे. हक्क म्हटला की त्याला आकडा लागतो, मुदत लागते, हक्कदार कोण हे ठरवावं लागतं. म्हणून नवव्या सूरेच्या 60व्या आयतीत आठ हक्कदार नेमून दिले आहेत : फकीर, मिस्कीन, वसुलीचं काम करणारे, ज्यांची मनं जोडून घ्यायची असे लोक, गुलामगिरीतून सुटू पाहणारे, कर्जात बुडालेले, अल्लाहच्या वाटेवर असलेले आणि वाटेत अडकलेला प्रवासी. आईवडील, आजीआजोबा, मुलं, नातवंडं यांना जकात देता येत नाही, कारण त्यांना पोसणं ही तुमची जबाबदारी आहेच. गरजू भाऊ, बहीण, मावशी, चुलता यांना मात्र देता येते आणि तसं देणं अधिक चांगलं मानलं जातं. घरकाम करणाऱ्या बाईच्या पगारात जकात मिसळता येत नाही, कारण पगार तिने कमावलेला असतो. खुद्द पैगंबरांच्या घराण्याला, म्हणजे बनू हाशिम आणि आज सय्यद म्हणवणाऱ्यांना, जकात घेता येत नाही. धर्मसंस्थापकाने आपल्या वंशजांच्या नावाने आलेला पैसा मुळातच अडवून ठेवल्याचं हे उदाहरण दुर्मीळ आहे. देऊन बोलून दाखवलं, घेणाऱ्याला टोचलं, तर दिल्याचं पुण्य वाया जातं, असंही दुसऱ्या सूरेत बजावलं आहे. फिक्हचे नियम त्याच्याही पुढे जातात. हे पैसे जकातीचे आहेत हे घेणाऱ्याला सांगणं आवश्यक नाही. देणाऱ्याच्या मनात नियत असली की पुरे. गरीब भाच्याच्या हातावर ईदी म्हणून ठेवलेली रक्कम जकात ठरू शकते आणि भाच्याला त्याचा पत्ता लागत नाही.

मग हा करच झाला, त्याला उपासना कशाला म्हणायचं? हा आक्षेप मुसलमान विचारवंतांनाही नवा नाही. जकात ही मुळात इबादत आहे की धनावर बसलेला गरिबाचा हक्क, यावर जुन्या मजहबांत खरोखरच मतभेद झाला. त्याची कसोटी होती अनाथ मुलाची मालमत्ता. हनफी म्हणाले, जकात ही नमाजसारखी उपासना आहे. वयात न आलेल्या मुलावर नमाज फर्ज म्हणजे बंधनकारक नाही, म्हणून त्याच्या सोन्या-रोकडीवर जकातही नाही. शाफई, मालिकी आणि हंबली म्हणाले, हक्क धनावर आहे, धनी लहान असला म्हणून गरिबाचा वाटा बुडत नाही. पालकाने मुलाच्या मालातून जकात द्यावी. मला या वादात दोन्ही बाजू अर्ध्या-अर्ध्या बरोबर वाटतात, आणि जकातीचं दुपेडी स्वरूप त्यातूनच उघड होतं. नियत नसेल तर दिलेली रक्कम जकात ठरत नाही, म्हणून सरकारला भरलेल्या आयकराने ती फिटत नाही. उलट नुसत्या नियतीनेही ती फिटत नाही. पैसा खरोखर दुसऱ्याच्या मालकीचा व्हावा लागतो. हिशेबाची ही करडी रीत स्वीकारली की पळवाटाही आल्याच. वर्ष भरायच्या आदल्या दिवशी मालमत्ता बायकोच्या नावे करायची आणि नंतर परत घ्यायची, असल्या युक्त्यांना ‘हीला’ म्हणतात. 1111 साली वारलेल्या इमाम गझाली यांनी ‘इह्या उलूमिद्दीन’ या ग्रंथात यावर कठोर टीका केली. अशी युक्ती कायद्याच्या कागदावर चालून जाईल, पण आखिरतमध्ये म्हणजे परलोकात ती अधिक घातक ठरेल, असा त्यांचा रोख होता. म्हणजे नियम लिहिणाऱ्यांनाच नियमाची मर्यादा ठाऊक होती.

दुसरा आक्षेप अडीच टक्क्यांवर असतो. कोट्यधीशाला अडीच आणि किराणा दुकानदारालाही अडीचच, हा कसला न्याय? इथे एक गोष्ट बहुधा निसटते. जकात उत्पन्नावर नाही, साठलेल्या मालमत्तेवर आहे. आपल्याकडे 1957 पासून संपत्ती कर होता, तो 2015 च्या अर्थसंकल्पात गुंडाळला गेला. जकात त्या जातीची आहे. दहा लाख रुपये कुठेही न गुंतवता पडून राहिले आणि त्यांतून दरसाल चाळिसावा हिस्सा जात राहिला, तर वीस वर्षांनी सहा लाखांच्या आसपास उरतात. धन श्रीमंतांच्यातच फिरत राहू नये हा हेतू कुराणाच्या 59व्या सूरेत, युद्धाविना हाती आलेल्या मालमत्तेच्या वाटपासंदर्भात, स्पष्ट आला आहे. पडीक पैशाला झिजवणारा हा दर त्याच हेतूशी जुळतो. पण आक्षेपाची खरी धार आणखी एका ठिकाणी आहे आणि ती बोथट करण्यात अर्थ नाही. रूढ फिक्हनुसार भाड्याने दिलेल्या इमारतींच्या किमतीवर जकात नाही. भाड्यातून शिल्लक राहील तेवढ्यावरच ती लागू होते. कारखान्याची यंत्रंही सुटतात. सातव्या शतकातल्या अरबस्तानात धन म्हणजे सोनं, चांदी, उंट आणि खजूर. मुंबईत धन म्हणजे चौरस फूट. दहा फ्लॅट भाड्याने देऊन सगळं भाडं उडवणारा माणूस सुटतो आणि निवृत्त शिक्षकाच्या ठेवीवर जकात लागते. मूळचे इजिप्तचे आणि पुढे कतारमध्ये स्थायिक झालेले युसूफ अल-करजावी यांनी ‘फिक्हुज्जकात’ या मोठ्या ग्रंथात हाच प्रश्न धसास लावला. इमारती आणि कारखान्यांच्या मिळकतीवर शेतीच्या धर्तीवर दर लावावा, पगारही जकातीच्या कक्षेत आणावा, असं त्यांनी मांडलं. अनेक पारंपरिक मुफ्तींना ते मान्य नाही. मला करजावी यांचा कल अधिक पटतो. कष्टावर हलका आणि आयत्या मिळकतीवर भारी, हे तत्त्व मुळातल्या दरांतच आहे. ते आजच्या धनाला लावलं नाही तर आकडे शाबूत राहतात आणि हेतू हरवतो.

तिसरा आक्षेप मुसलमानेतरांचा आणि तो सरळ आहे : जकात फक्त मुसलमान गरिबालाच का? बहुसंख्य धर्मशास्त्र्यांचं मत तसंच आहे, हे मान्य केलं पाहिजे. जकात ही मदिनेतल्या मुस्लिम समाजाने आपसांत घेतलेली वर्गणी होती आणि मुसलमानेतरांवर ती लागू नव्हती, ही पार्श्वभूमी त्यामागे आहे. दारोदार मागत फिरणाऱ्या एका म्हाताऱ्या ज्यूला उमर यांनी सरकारी खजिन्यातून तनखा लावून दिल्याची कथा आठव्या शतकातल्या अबू युसूफ यांच्या ‘किताबुल खराज’मध्ये येते, आणि आजचे काही लेखक तिच्या आधाराने दार रुंद करू पाहतात. सदका म्हणजे ऐच्छिक दान तर कुणालाही देता येतं, त्याला धर्माची अट नाही. ईदच्या नमाजपूर्वी घरातल्या तान्ह्या बाळाच्याही नावाने द्यायचा फितरा मुसलमानेतर गरिबाला देण्याची मुभा इमाम अबू हनीफा यांनी दिली आहे. तरीही मिश्र वस्तीच्या गावात ही मर्यादा बोचणारच. सदका आहे ना, एवढं म्हणून ती बोच जात नाही, कारण वर ज्या ठरलेल्या हक्काचं कौतुक केलं तो हक्क सदक्यात नसतो.

इतकं सगळं असूनही गरिबी का हटली नाही, हा प्रश्न उरतो. त्याचं एक उत्तर वाटपाच्या पद्धतीत आहे. सप्टेंबर 2008 मध्ये, रमजानच्या दिवसांत, इंडोनेशियातल्या पासुरुआन गावात एका धनिकाच्या घरापुढे जकात घ्यायला हजारो लोक जमले आणि चेंगराचेंगरीत 21 बाया मेल्या. घेणाऱ्याची लाज राखण्यासाठी ज्या उपासनेने इतके नियम केले, तिचं वाटप श्रीमंताच्या दारासमोरच्या रांगेत व्हावं, याहून मोठी विटंबना सांगता येणार नाही. मग सरकारने गोळा करावी का? पाकिस्तानात 1980 साली झिया-उल-हक यांनी रमजानच्या पहिल्या दिवशी बँकेच्या बचत खात्यांतून अडीच टक्के कापून घेण्याचा अध्यादेश काढला. शियांनी इस्लामाबादेत प्रचंड निदर्शनं केली. शिया फिक्हमध्ये जकात ठरावीक नऊ वस्तूंवर आहे, नोटा त्यांत येत नाहीत, आणि वार्षिक शिलकीच्या पाचव्या हिश्श्याचा ‘खुम्स’ हे त्यांचं मुख्य देणं. सरकारला त्यांना सूट द्यावी लागली. सुन्नींपैकी पुष्कळांनी रमजानच्या आदल्या दिवशी खात्यांतून पैसे काढून घेण्याचा सोपा मार्ग शोधला. नियत सरकारला कापून घेता येत नाही, हे त्यावरून कळलं. भारतात सरकार जकातीच्या मध्ये येत नाही. रमजान लागला की उत्तर प्रदेश-बिहारच्या मदरशांचे सफीर म्हणजे वर्गणी गोळा करणारे प्रतिनिधी पावतीपुस्तकं घेऊन मुंबई, भिवंडी, मालेगाव इथे फिरतात. मदरशांतले गरीब विद्यार्थी जकातीचे हक्कदार आहेतच, त्याबद्दल वाद नाही. पण शाळकरी वयाच्या मुस्लिम मुलांपैकी जेमतेम तीन-चार टक्के मुलं मदरशांत जातात, असं 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालात आहे. उरलेल्या मुलांच्या फिया, त्यांच्या आईबापांची सावकारी कर्जं, आठ हक्कदारांतला तो ‘कर्जात बुडालेला’, यांच्यापर्यंत सफीर पोहोचत नाही. तिथल्याच गरिबांत वाटा, ही मुआज यांना दिलेली सूचना इथे आठवायला हवी. गल्लीतली जकात आधी गल्लीत, असा आग्रह शहरांतली तरुण मंडळी आता धरू लागली आहेत. त्यात परगावच्या मदरशांचा अपमान नाही, मूळ नियमाचीच ती उजळणी आहे.

हिशेबाच्या या आग्रहाचा सर्वांत घरगुती परिणाम बायकांच्या दागिन्यांवर दिसतो आणि त्यात महाराष्ट्राचा एक खास धागा आहे. रत्नागिरी-रायगडचे कोकणी मुसलमान परंपरेने शाफई आहेत, तर मराठवाडा, खानदेश, विदर्भातले बहुसंख्य मुसलमान हनफी. बाईच्या नेहमीच्या वापरातल्या दागिन्यांवर शाफई मतानुसार जकात नाही, हनफी मतानुसार आहे. त्यामुळे चिपळूणची एखादी बाई आणि औरंगाबादची तिची जाऊ यांच्या अंगावर सारखंच सोनं असलं तरी रमजानमध्ये दोघींचा हिशेब वेगळा निघतो. हनफी घरात आणखी एक पेच असतो. पैगंबरांच्या काळी सोन्याचा आणि चांदीचा निसाब किमतीने जवळपास सारखा होता. पुढे चांदी इतकी घसरली की आज साडेबावन्न तोळे चांदी साधारण तोळाभर सोन्याच्या किमतीत येते, कधी त्याहून कमीत. नुसतं सोनं असेल तर साडेसात तोळ्यांचा निसाब, पण सोन्याबरोबर थोडी रोकड असली की चांदीचा निसाब धरावा, असं इथले हनफी मुफ्ती सांगतात, कारण त्यात गरिबाचा फायदा आहे. परिणामी दोन तोळ्यांचा हार आणि डब्यातले पाच हजार रुपये असलेली बाईही जकात देणाऱ्यांत मोडते. कनिष्ठ मध्यमवर्गावर हा भार जड होतो, अशी तक्रार आहे आणि ती अगदीच खोटी नाही.

पण या जड हिशेबात एक गोष्ट ठळकपणे गृहीत धरली आहे. सोनं बायकोचं असेल तर जकात बायकोवर आहे, नवऱ्यावर नाही. नवऱ्याची आणि तिची मालमत्ता एकत्र धरून निसाब काढता येत नाही. नवऱ्याचं कर्ज तिच्या सोन्यातून वजा होत नाही. तिच्या वतीने त्याने रक्कम भरायची तर तिची परवानगी लागते, तिला न विचारता दिलेल्या पैशाने तिची जकात फिटत नाही. तिच्या हाती रोकड नसेल तर ती सोन्याचा तुकडा देऊ किंवा विकू शकते. ते तिने ठरवायचं. लग्नात घातलेले दागिने नेमके कुणाचे, सासरचे की तिचे, हा प्रश्न आपल्याकडे सगळ्याच धर्मांच्या घरांत वर्षानुवर्षं मोघम ठेवला जातो. जिथे जकातीचा हिशेब खरोखर केला जातो तिथे वर्षातून एकदा तरी हे दागिने कुणाचे ते सांगा, असं विचारावं लागतं आणि घरातल्या मोठ्यांना त्याचं उत्तर द्यावं लागतं.